उपरण्याखालचं टेंडर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल. कुणालाही पटेल अशी गोष्ट सांगायला आबाजी कशाला हवा? ती तलाठीसुद्धा सांगतो.

परवा चौकच्या भातगिरणीत इंजिन बंद पडलं. मेस्त्री पट्टा आणायला खोपोलीला गेला आणि भात भरडायला आलेली माणसं आपापल्या पोत्यांवर बसून राहिली. त्यांत आमच्या लोधिवलीची सुंदरा होती. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. आणि एक बुधाजी म्हणून कडावचा गृहस्थ होता. मुलीच्या घरी चार दिवस राहायला आलेला, आमच्या भागातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. असा माणूस समोर बसला की माझ्या जिभेला खाज सुटते.

"बुधाजी," मी म्हटलं, "तो इर्शाळच्या पायथ्याचा माळ दिसतो ना? तो लढाईत मी सरकारच्या हातून सोडवून आणला. दोन बोटांनी."

"दोन बोटांनी?"

"मागल्या येळंला चार हुती," सुंदरा म्हणाली. "आबाजीकाका, म्हातारपणी बोटं झडली का तुमची?"

"तू गप गं. पाहुण्याला ऐकू दे."

तर जपानशी लढाई जोरात होती. चौकच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, लष्कराचा कॅम्प पडला. माणसांचा नव्हे, खेचरांचा. ब्रह्मदेशच्या डोंगरांत तोफा वाहायला जी खेचरं न्यायची, ती इथं आणून खाऊपिऊ घालून तयार करायची. खेचरं म्हणजे काय विचारता! एकदा त्यातल्या एकानं येसाजी पाटलाच्या पडवीत नुसती मान घातली, तर कान माजघर ओलांडून परसात निघाले आणि त्यावर पाटलीणबाईंनी लुगडं वाळत घातलं.

एवढ्या जनावरांना गवत लागणारच. आणि गवत होतं आमच्या माळावर. माळ कागदोपत्री सरकारचा, पण आजा-पणजापासून लोधिवलीची गुरं तिथं चरत आलेली. दसरा झाला की आम्ही तिथलंच गवत कापायचो, गंज्या रचायचो आणि त्यावर गुरांचा उन्हाळा निघायचा. गवत तरी कसं? मृगात एक गाय त्यात शिरली ती दिवाळीला वासरू घेऊन बाहेर आली. आणि ते वासरू आम्हांला बघून भुंकलं.

"वासरू भुंकलं?" बुधाजीनं विचारलं.

"गवतात त्याच्या शेजाराला कोल्हे. दुसरं काय शिकणार बिचारं?"

"पुढं चला, काका," सुंदरा म्हणाली.

पुढं काय, खालापूरच्या कचेरीवर सरकारचा कागद लागला. कॅम्पाला गवत पुरवायचा ठेका द्यायचा आहे, ज्याला ठेका त्यालाच माळावरचं गवत, आणि त्यासाठी मोहरबंद टेंडरं मागवली आहेत. शिळफाट्याला एक पोपटशेठ होता. लाकूड, कोळसा, खडी, जिथं सरकारचा एक हात लागेल तिथं दुसरा हात पोपटशेठचा असायचा. कागद लागल्या दिवशीच त्यानं काटेरी तारेची भेंडोळी आणून माळाच्या कडेला टाकली आणि येसाजी पाटलाला म्हणाला, "पाटील, गुरं आवरा आता. माळावर एक शिंग दिसलं तरी कोंडवाडा दाखवीन."

गावात चूल पेटेना. माळ गेला म्हणजे गुरं गेली. माझ्या घरात तर सोनाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, म्हशींच्या गळ्यात गळा घालून असा सूर लावला की म्हशी रडायला लागल्या. मग पाटलानं देवळात गाव बोलावलं आणि ठरलं, ठेका आपणच घ्यायचा. खेचरांचं खेचरांना घालायचं, उरलेलं आपल्या गुरांना. माळाला तार लागू द्यायची नाही.

"पर टेंडर म्हंजी काय रं?" पाटलानं विचारलं.

कचेरीतला शिपाई आमच्या गावचा जावई होता. तो म्हणाला, "टेंडर म्हंजी भाव. बंद करून द्यायचा. सायबाला कळला पायजे, बाजूला हुबा असंल त्याला कळता नये."

"हात्तिच्या!" पाटील मांडीवर थाप मारून म्हणाला. "ह्ये तर आपन दर बाजाराला करतो की!"

आता तूच सांग बुधाजी, तुमच्या कडावला बैलाचा सौदा कसा करतात? दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव बोलतात. तोंडानं एक शब्द नाही. बाजूला दहा जण उभे असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. याहून बंद भाव जगात आहे का? आणि बोटांच्या सौद्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोण होता?

"धरणारा कोन हुता ते ठावं नाय," सुंदरा म्हणाली, "पर सोनाबाईकाकीनं तुमचा कान धरलेला आमी पायलाय."

गावानं मलाच पुढं केलं. मी लग्नातलं उपरणं काढलं, कोशा पटका बांधला आणि गाव पाठीशी घेऊन कॅम्पात गेलो. कॅम्पाचा कप्तान टमकीन नावाचा गोरा साहेब होता. तांबडा, गोल, आणि मिशा अशा की उजव्या टोकाला ऊन असलं तर डाव्या टोकाला सावली. टेबलापाशी पोपटशेठ आधीच उभा. त्याचं टेंडर लखोट्यात होतं आणि लखोट्यावर लाख इतकी ओतलेली की दोन हमालांनी ते उचलून आणलं होतं.

"तुमारा टेंडर?" साहेबानं मला विचारलं.

मी त्याच्यासमोर मांडी घातली, हात पुढं केला आणि त्यावर उपरणं टाकलं.

पोपटशेठ खो खो हसला. कारकून हसला. साहेब मात्र हसला नाही. तो खुर्चीवरून उठला, टोपी काढून ठेवली, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं आपला हात उपरण्याखाली घातला. या बाबानं लष्करासाठी घोडे घेत सगळा मुलूख पालथा घातला होता. जत्रा म्हणू नका, बाजार म्हणू नका. बोटांची भाषा तो आईच्या भाषेहून बरी बोलत होता.

मी दोन बोटं दाबली. त्यानं एक सोडवलं. मी अंगठा धरला. त्यानं करंगळी वळवली. बुधाजी, काय सांगू, असा सौदा मी जन्मात केला नाही! कपाळावरून घाम, वर तोंड दोघांचंही दगडाचं. शेवटी मी पुन्हा दोन बोटं दाबली, आणि साहेबानं माझा पंजा गच्च धरून हलवला. सौदा पक्का!

मग त्यानं पोपटशेठचा लखोटा कोयत्यानं फोडायला लावला, आतला भाव बघितला, आणि म्हणाला, "गवत लोदिवली देगा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गवत घालायला लागलो. आख्खं गाव विळे घेऊन माळावर. कॅम्पात गंजी रचली ती इतकी उंच की माथेरानच्या लोकांनी निरोप धाडला, जरा खाली घ्या, आम्हांला इर्शाळगड दिसत नाही. खेचरं खाऊन टुमटुमीत झाली. गुरं माळावर, म्हशी दुधावर, सोनाबाई खुशीत. पोपटशेठ मात्र मुंबईहून वकील घेऊन आला.

त्या वकिलानं सरकारला लिहिलं, की पस्तीस सालच्या कायद्याप्रमाणे सरकारशी करार करायचा तर तो गव्हर्नर-जनरलच्या नावानं, कागदावर, आणि ज्याला अधिकार दिला आहे त्याच्याच सहीनं व्हायला हवा. टमकीनसाहेबांनी उपरण्याखाली जे केलं त्याला कायद्यात करार म्हणत नाहीत. सबब लोधिवलीचा ठेका हा ठेकाच नव्हे. एकच टेंडर उरतं, ते पोपटशेठचं.

"मग खोटं काय लिवलं त्यानं?" बुधाजी म्हणाला.

"अक्षरसुद्धा खोटं नव्हतं! तीच तर पंचाईत."

पोपटशेठची माणसं माळावर खांब पुरायला लागली. त्या आठवड्यात मी गावातून चाललो की लोक बोटं दाखवायचे, आणि तीही दोनच. सोनाबाईनं तर पानात भाकरी वाढली नाही, नुसतं उपरणं वाढलं. म्हणाली, "खावा. ह्याच्यापायीच म्हशी इकायच्या हायेत ना?"

येसाजी पाटील आणि मी कर्जतला गेलो आणि भुस्कुटे वकिलांना गाठलं. काटकुळा माणूस, तपकीर ओढायचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायदा त्यांच्या बाजूनं आहे."

"मंग आमच्या बाजूनं काय हाय, वकीलसायेब?" पाटलानं विचारलं.

"खेचरं," वकील म्हणाले आणि शिंकले.

चौकशीला पुण्याहून कंत्राटांचे बडे साहेब आले. कॅम्पात तंबू ठोकला. एका बाजूला पोपटशेठ आणि त्याचा मुंबईचा वकील, दुसऱ्या बाजूला भुस्कुटे, मी, पाटील, आणि तंबूबाहेर गाव गुराढोरांसकट. मुंबईच्या वकिलानं कायद्याचं कलम इतकं झोकात वाचलं की दोन खेचरं सावधान उभी राहिली.

बडे साहेब भुस्कुट्यांना म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

भुस्कुटे उठले. "मान्य आहे, साहेब. करार झालेलाच नाही."

माझ्या पायांखालची सतरंजी सरकली. पाटील माझ्या कानात म्हणाला, "आबाजी, ह्यो आपलाच वकील हाय ना रं?" तंबूबाहेर सोनाबाईनं म्हशीला कवटाळलेलं मला दिसलं.

"पण साहेब," भुस्कुटे तपकिरीची डबी उघडत म्हणाले, "कराराचा एक जुना कायदा आहे. त्याचं सत्तरावं कलम असं म्हणतं, की कुणी दान म्हणून नव्हे, रीतसर एखादी वस्तू दिली आणि दुसऱ्यानं तिचा लाभ घेतला, तर करार असो वा नसो, त्यानं मोबदला द्यावा, नाहीतर वस्तू परत करावी. माझ्या अशिलांनी गवत दिलं. सरकारनं खाल्लं."

"सरकारनं नाही, खेचरांनी खाल्लं," मुंबईचा वकील म्हणाला.

"खेचरं कुणाची?"

तो बसला.

बडे साहेब म्हणाले, "ठीक आहे, मोबदला देऊन टाकू." आणि शेजारच्या हिशेबनिसाकडे वळले. हिशेबनीस उभा राहून म्हणाला, "हुजूर, मोबदला देण्यासाठी कराराचा नंबर लागतो."

"नंबर टाका."

"करार नाही, हुजूर. नंबर कुठला टाकू?"

बडे साहेब टमकीनसाहेबाकडे बघायला लागले. टमकीनसाहेब मिशीचं टोक बघायला लागला.

"म्हणजे मोबदला देता येत नाही," भुस्कुटे म्हणाले. "मग कलमाप्रमाणे एकच वाट उरते. वस्तू परत करा."

"गवत तर पोटात गेलं!"

"जिथं गेलं तिथं आहे, साहेब. माझ्या अशिलांची मालमत्ता खेचरांत आहे. खेचरं लोधिवलीला पाठवा. मालमत्ता जशी बाहेर येईल, तशी माझे अशील शेतात घेतील. सगळी परत आली की खेचरं आपली आपल्याला."

गाव हसलं, टमकीनसाहेब हसला, एवढंच काय, बड्या साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. पण कायदा तो कायदा. हुकूम झाला. गवत परत होईपर्यंत खेचरं लोधिवलीला. आणि ठेका रीतसर कागदावर, गव्हर्नर-जनरलच्या नावानं, पोपटशेठला.

"आरारा!" बुधाजी हळहळला. "मंग माळ गेलाच की वो!"

गेलाच! आम्हीही तसंच म्हणालो. खेचरांची रांग घेऊन गावात आलो ते तोंड पाडून. पोपटशेठ दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गवत कापणाऱ्यांची फौज घेऊन माळावर हजर. पण त्याच्या आधी भुस्कुटे हजर, ठेक्याची नक्कल हातात.

"शेठ, विळा चालवण्याआधी आपलाच कागद वाचा," ते म्हणाले. "'चौकच्या कॅम्पात उभ्या असलेल्या जनावरांना लागेल तेवढंच गवत माळावरून कापावं. एक पेंढी जास्त कापल्यास ठेका रद्द आणि अनामत जप्त.' कॅम्पात आज किती जनावरं उभी आहेत?"

पोपटशेठनं कॅम्पाकडे बघितलं. मैदान मोकळं. टमकीनसाहेब एकटाच खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"जनावरं लोधिवलीत आहेत!" पोपटशेठ ओरडला.

"कागदात लोधिवली कुठं आहे?"

"अहो, सगळ्यांना माहीत आहे की तीच खेचरं..."

"शेठ," भुस्कुटे गोड आवाजात म्हणाले, "जे कागदावर नाही त्याला कायद्यात करार म्हणत नाहीत. आपल्याच वकिलांनी सांगितलंय."

पोपटशेठची फौज विळे टेकून दुपारपर्यंत उन्हात बसली आणि निघून गेली. तो रोज सकाळी यायचा, कॅम्पात एखादं तरी खेचर उभं आहे का बघायचा आणि परत जायचा. एकदा तर त्यानं चोरून एक भाड्याचं गाढव तिथं नेऊन उभं केलं. टमकीनसाहेबानं त्याला सलाम ठोकला, त्याचा लष्करी नंबर विचारला, आणि गाढवानं तो न सांगितल्यामुळे हाकलून दिलं.

"आनि खेचरं गेली नाईत परत?" बुधाजीनं विचारलं.

"जाणार कशी? तूच हिशेब कर. सकाळी ती आमचं जुनं गवत शेतात परत करायची, आणि भूक लागली की आमच्याच गंज्यांतलं नवं खायची. फिटलं की पुन्हा चढलं. सरकारला त्या देण्यातून सुटायला वाटच नव्हती! त्या सालात भात असं आलं की लोंबी तोडायला शिडी लावायला लागली."

शेवटी पोपटशेठनंच हात जोडून सरकारला अर्ज केला, माझा ठेका काढून घ्या. बडे साहेब पुन्हा आले. या वेळी कागद घेऊनच. वर हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलचं नाव आणि खाली माझा अंगठा, लोधिवली गावातर्फे. जनावरं कुठंही उभी असोत, गवत लोधिवलीचं, आणि खेचरांचं भागून उरेल त्यावर गावची गुरं चरतील, असं स्पष्ट लिहून घेतलं भुस्कुट्यांनी. टमकीनसाहेबानं सही केली, आणि मग डोळा मिचकावून माझं उपरणं मागितलं. सही झाली तरी त्याला पंजा उपरण्याखालीच हलवायचा होता. तारेची भेंडोळी पोपटशेठनं परत नेली. सोनाबाईनं त्या रात्री मला तीन भाकऱ्या वाढल्या, वर लोण्याचा गोळा, आणि म्हशींनी आनंदानं दोन वेळचं दूध एकाच वेळी दिलं.

बुधाजीचा आ वासलेला. खरं सांगतो, माणसाचं तोंड असं उघडं दिसलं की मला थांबता येत नाही. सुंदराही पोत्याला टेकून, गालावर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आज जिंकलो.

"काका, ह्ये समदं खरं, असं धरलं," बुधाजी म्हणाला, "पर ह्याला पुरावा काय?"

"पुरावा माळावर चरतोय!" मी म्हणालो. "लढाई संपली आणि सरकारनं खेचरं परत मागवली. सगळी गेली, पण चांदी नावाची एक पांढरी मादी जाईना. लोधिवलीच्या गवताची चटक लागली होती तिला. टमकीनसाहेब म्हणाला, ठेव आबाजी, तुझी आठवण माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. ठेवली. आणि पुढच्या शिमग्याला तिला शिंगरू झालं! अगदी आईसारखं, कानसुद्धा तेवढेच. आता जा माळावर, आणि बघ डोळ्यांनी, आमच्या म्हशींत मिसळून चरतंय."

सुंदरानं गालावरचा हात काढला.

"आबाजीकाका," ती म्हणाली, आणि गिरणीतली सगळी माणसं तिच्याकडे वळली, "वासरू भुंकलं, मी गप बसले. गंजीपायी माथेरानला गड दिसंना, मी गप बसले. सरकार श्याणात सापडलं, त्ये बी गिळलं मी. पर खेचराला कंदी पोर हुतंय का वो?"